अनुदानकपात आणि समुदाय महाविद्यालये

बंगळुरू शहराच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. कन्नड भाषेत या नावाचा अर्थ 'नवा कोट' असा होतो. बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील या तालुक्यात गेल्या तीन दशकांत कारखाने आणि गोदामे झपाट्याने उभी राहिली. व्होल्वो कंपनीचा मालमोटारींचा कारखाना येथे १९९८ मध्ये सुरू झाला. याच रस्त्याने पुढे गेल्यास कोलार जिल्ह्यातील नरसापूरची औद्योगिक वसाहत लागते. पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि दुग्धव्यवसायावर जगणाऱ्या कुटुंबांच्या दाराशी यंत्रयुग येऊन उभे राहिले. पण त्या यंत्रावर काम करण्याचे कौशल्य मात्र आपोआप घरात आले नाही.

अशा परिसरातील तरुणाला कोणते शिक्षण हवे असते? घराजवळ मिळणारे, परवडणारे, थोड्या अवधीत रोजगाराकडे नेणारे आणि तरीही पुढे पदवीचे दार उघडे ठेवणारे. या चारही अपेक्षा एकत्र पूर्ण करू पाहणारी संस्था म्हणजे कम्युनिटी कॉलेज अर्थात समुदाय महाविद्यालय. या संस्थेचे वैशिष्ट्य हेच तिचे दुखणेही आहे. ज्यांच्याकडून फारसे शुल्क घेता येत नाही, त्यांच्यासाठीच ती असते. त्यामुळे सार्वजनिक निधी आटला की इतर कोणत्याही महाविद्यालयापेक्षा तिला त्याची झळ अधिक लवकर बसते. ही झळ कोठे बसते, संस्था ती कशी सोसतात आणि सोसण्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना आणि वाटचाल

समुदाय महाविद्यालयाची कल्पना अमेरिकेतून आली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये स्थापन झालेले कनिष्ठ महाविद्यालय हे या प्रकारचे सर्वात जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने १९४७ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्यानंतर 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ झाली. स्थानिक मालमत्ता कर, राज्याचे अनुदान आणि विद्यार्थ्यांचे शुल्क असा तिहेरी आधार तेथील अनेक महाविद्यालयांना आहे.

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणि चेन्नई येथील मद्रास-मैलापूर धर्मप्रांताने १९९६ मध्ये असे महाविद्यालय सुरू केले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने समुदाय महाविद्यालयांची देशव्यापी योजना आखली. परंतु काही वर्षांतच ती थांबली. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यमान महाविद्यालयांनाच असे अभ्यासक्रम चालवण्यासाठी साहाय्य दिले. २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला आणि प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका अशा पायऱ्यांना राष्ट्रीय चौकट मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील अनेक टप्प्यांवर प्रवेश आणि निर्गमन ही तरतूद याच विचाराशी जवळचे नाते सांगते.

या वाटचालीत एक गोष्ट सातत्याने दिसते. योजना येते, संस्था उभी राहते, योजनेचा कालावधी संपतो आणि संस्थेसमोर उद्याचा प्रश्न उभा राहतो. याचे कारण समजण्यासाठी निधीच्या प्रवाहाकडे पाहावे लागेल.

निधी येतो कसा, आटतो कसा?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आला. तरीही शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाचा मोठा भार राज्येच उचलतात. पंचवार्षिक योजनांच्या काळात एक प्रघात होता. नवे अभ्यासक्रम आणि नवी पदे केंद्राच्या 'योजनांतर्गत' निधीतून सुरू होत आणि कालावधी संपल्यावर त्यांचा आवर्ती खर्च राज्याने किंवा संस्थेने 'वचनबद्ध दायित्व' म्हणून स्वीकारावा अशी अपेक्षा असे. राज्याची आर्थिक स्थिती अनुकूल असेल तर हे हस्तांतरण सुरळीत होई. नसेल तर पद रिक्त राही. बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि ती अखेरची ठरली. योजनांतर्गत व योजनेतर खर्च हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून रद्द झाला. तथापि, मुदतीने बांधलेला निधी आणि मुदत नसलेली गरज यांतील अंतर त्याने मिटले नाही.

दुसरा बदल हिश्शाचा आहे. चौदाव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला. त्यानंतर केंद्रपुरस्कृत योजनांची फेररचना झाली आणि बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० असे ठरले. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान आणि २०२३ पासून त्याच्या जागी आलेले 'पीएम-उषा' यांचे स्वरूप असेच आहे. येथे राज्याने आपला वाटा वेळेवर न भरल्यास केंद्राचा हप्ताही अडू शकतो. म्हणजे एका स्तरावरची ओढाताण महाविद्यालयापर्यंत पोहोचताना दुप्पट होते. शिक्षण उपकराचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. २००४ मध्ये दोन टक्क्यांनी सुरू झालेला हा उपकर २०१८-१९ पासून चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर झाला. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर विभाज्य निधीत येत नाही. त्याचा थेट वाटा राज्यांना मिळत नाही.

तिसरा बदल दृष्टिकोनाचा. १९९० च्या दशकारंभी विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने संस्थांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के आणि दहा वर्षांअखेर २५ टक्के रक्कम स्वतः उभारावी अशी शिफारस केली. २०१७ मध्ये स्थापन झालेली उच्चशिक्षण वित्तपुरवठा संस्था ही शिक्षण मंत्रालय आणि कॅनरा बँक यांचा संयुक्त उपक्रम असून तिचे मुख्यालय बंगळुरूमध्येच आहे. ती अनुदान देत नाही, कर्ज देते. मोठ्या संस्थांना हा मार्ग उपयोगी पडू शकतो. ज्यांच्याकडे परतफेडीसाठी शुल्काचे उत्पन्नच नाही, त्यांना तो जवळजवळ बंद आहे.

दहा टक्के कपातीचे गणित

अर्थसंकल्पात कपात टक्क्यांत लिहिली जाते. महाविद्यालयात मात्र ती तशी उतरत नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाचा वार्षिक खर्च १०० रुपये आहे. त्यांपैकी ८० रुपये कायम सेवकांच्या वेतनावर जातात आणि २० रुपयांत ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यशाळेचा कच्चा माल, वीज, दुरुस्ती व तात्पुरते शिक्षक भागवले जातात. अनुदान १० रुपयांनी घटले तर कायम वेतन कमी करता येत नाही. म्हणून सर्व दहा रुपये त्या वीस रुपयांतूनच जातात. कागदावरची दहा टक्के कपात वर्गात पोहोचेपर्यंत पन्नास टक्के होते.

पारंपरिक पदवी अभ्यासक्रमात खडू आणि फळ्यावर काही काळ निभावून नेता येते. समुदाय महाविद्यालयात तसे होत नाही. वेल्डिंगचा विद्यार्थी वेल्डिंग करूनच शिकतो. त्यासाठी पत्रा, इलेक्ट्रोड आणि वीज लागते. रुग्णसेवेच्या विद्यार्थिनीला रुग्णालयात जाऊनच सराव करावा लागतो. कच्चा माल थांबला की अभ्यासक्रमाचे नाव उरते, कौशल्य उरत नाही. प्रमाणपत्र तेच राहते; त्याची किंमत मात्र नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळते.

संस्थांचे चार मार्ग

निधी घटल्यावर संस्था सामान्यतः चार मार्ग अनुसरतात. पहिला मार्ग पदे रिक्त ठेवून तात्पुरत्या शिक्षकांवर काम चालवण्याचा. कर्नाटकातील शासकीय पदवी महाविद्यालये, ज्यांना तेथे 'फर्स्ट ग्रेड कॉलेज' म्हणतात, दहा हजारांहून अधिक अतिथी व्याख्यात्यांवर अवलंबून राहिली आहेत. होसकोटे येथेही असे शासकीय महाविद्यालय आहे. अतिथी व्याख्यात्यांनी सेवेत कायम करावे या मागणीसाठी २०२१-२२ आणि २०२३-२४ या वर्षांत दीर्घ आंदोलने केली. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती याहून फार वेगळी नाही. खर्च वाचतो हे खरे. परंतु पुढील सत्रात आपण येथे असू की नाही हे ज्या शिक्षकाला ठाऊक नाही, त्याने स्थानिक उद्योगांशी दीर्घकालीन संबंध जोडावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. समुदाय महाविद्यालयाचा प्राण मात्र त्या संबंधांतच असतो.

दुसरा मार्ग शुल्कवाढीचा. त्याला कायद्याची चौकट आहे. टी. एम. ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य या २००२ च्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने विनाअनुदानित खासगी संस्थांना शुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशन शुल्क निषिद्ध ठरवले. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००५ च्या निकालात ही भूमिका अधिक स्पष्ट झाली. तथापि, समुदाय महाविद्यालयासाठी खरी मर्यादा कायद्याची नसून विद्यार्थ्याच्या खिशाची असते. २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्निया राज्यातील समुदाय महाविद्यालयांचे अनुदान घटले. प्रति श्रेयांक शुल्क २००९ मधील २६ डॉलरवरून २०११ मध्ये ३६ आणि २०१२ मध्ये ४६ डॉलर झाले. तरीही वर्ग कमी करावे लागले आणि प्रवेशसंख्या घसरली. रोजगार गमावलेले लोक नवे कौशल्य शिकण्यासाठी ज्या वेळी महाविद्यालयाकडे वळतात, नेमक्या त्याच वेळी शासनाचे उत्पन्नही घटलेले असते. या संस्थांच्या अर्थकारणातील मूळ पेच हाच आहे.

तिसरा मार्ग खर्च पुढे ढकलण्याचा. दुरुस्ती, ग्रंथखरेदी, यंत्रांचे नूतनीकरण यांबाबत कोणी मोर्चा काढत नाही, म्हणून कात्री प्रथम तेथे लागते. या बचतीचे देयक काही वर्षांनी व्याजासह येते.

चौथा मार्ग एकत्रीकरणाचा. २०१७ मध्ये बंगळुरू विद्यापीठाचे विभाजन झाले आणि कोलार येथे बंगळुरू उत्तर विद्यापीठ अस्तित्वात आले. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या जवळ जावे हा अशा विभाजनांमागील हेतू होता. परंतु प्रत्येक नव्या विद्यापीठासोबत नवे प्रशासनही येते. २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळ उपसमितीने अलीकडे स्थापन झालेल्या दहांपैकी नऊ विद्यापीठे निधीच्या अडचणीमुळे बंद करून जुन्या विद्यापीठांत विलीन करावीत, अशी शिफारस केली. त्यावर राज्यभर वाद झाला. प्रशासन एकत्र करून वर्ग जागच्या जागी ठेवणे आणि वर्गच दूर नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत काटकसर आहे. दुसरीत प्रवासखर्च संस्थेच्या खात्यातून विद्यार्थ्याच्या खात्यात जातो.

साताऱ्याचा अनुभव

होसकोट्यातून जाणारा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाई. तोच मार्ग पश्चिमेकडे बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा साताऱ्याला पोहोचतो. समुदाय महाविद्यालय ही संज्ञा भारतात येण्याच्या कितीतरी आधी त्याच तत्त्वावरील संस्था तेथे उभी राहिली होती आणि तिने अनुदान पूर्णपणे थांबण्याचा प्रसंगही अनुभवला होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले. तेथील सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या वसतिगृहाचे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे झाले. १९४७ मध्ये, म्हणजे ट्रुमन आयोगाचा अहवाल आला त्याच वर्षी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. शुल्क भरू न शकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, हे 'कमवा आणि शिका' तत्त्व त्याचा पाया होते.

महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ काळात, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकार आणि भाऊराव यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. संस्था तरीही बंद पडली नाही. याचे श्रेय तीन दशकांत उभारलेल्या तीन आधारांना जाते. पहिला आधार विद्यार्थ्यांच्या श्रमाचा. शेती पिकवणे, दगड फोडणे, जमीन सपाट करणे, इमारती उभारणे ही कामे विद्यार्थी करत. दुसरा आधार समाजाचा. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून वसतिगृहाला देण्याची 'मुष्टिफंडा'ची पद्धत रुजली होती. त्यामुळे संस्था आपली आहे ही भावना गावागावांत होती. तिसरा आधार अल्प मोबदल्यात आयुष्य देणाऱ्या सेवकांचा होता.

मात्र या इतिहासाचे दुसरे पानही वाचले पाहिजे. अखेर संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाला संस्थेने गाडगे महाराजांचेच नाव दिले. स्वावलंबनाने संस्थेला तग धरण्याइतका वेळ मिळवून दिला. पुढील विस्तार अनुदान परत आल्यावरच शक्य झाला. स्वावलंबन हा सार्वजनिक निधीचा पर्याय नव्हता, तो आणीबाणीतील आधार होता.

याची किंमत कोणी मोजली हेही विसरता येत नाही. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. हा त्याग वंदनीय आहे. पण ज्या व्यवस्थेत शाळेचा ताळेबंद एखाद्या गृहिणीच्या दागिन्यांवर जुळतो, ती व्यवस्था धोरण म्हणून स्वीकारता येणार नाही. सार्वजनिक निधी मागे हटतो तेव्हा खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी घरात जातो.

आजच्या काळातील पर्याय

'कमवा आणि शिका'चे आजचे रूप शिकाऊ उमेदवारीत शोधता येते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ आणि त्यातील २०१४ च्या दुरुस्तीमुळे उद्योगांना उमेदवार घेणे सुलभ झाले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाच्या निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती केंद्र शासन करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. होसकोटे, नरसापूर किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कार्यशाळेतील महागड्या यंत्राचे काम कारखान्यातील यंत्रावर भागू शकते. त्यामुळे कच्च्या मालाचा खर्च वाचतो आणि विद्यार्थ्याच्या हाती काही उत्पन्नही येते. उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर असा अर्थ होऊ नये, यासाठी महाविद्यालयातील शिक्षकाची देखरेख मात्र अपरिहार्य आहे.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. अनुसूची सातमध्ये शिक्षण आणि व्यवसाय-कौशल्ये यांचा समावेश आहे. या निधीतून यंत्रे व इमारती मिळू शकतात; वर्षानुवर्षे द्यावयाच्या वेतनासाठी त्यावर विसंबता येत नाही, कारण कंपनीचा नफा आणि प्राधान्य दोन्ही बदलतात. म्हणून एकदाच होणारा खर्च बाह्य साहाय्यातून आणि आवर्ती खर्च सार्वजनिक निधीतून, ही विभागणी व्यवहार्य ठरते.

सामायिक साधनांचा मार्गही उपलब्ध आहे. साताऱ्यातील तीन जुन्या महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ अध्यापक यांचा वापर अनेक संस्थांनी मिळून केला, तर एकाही गावातील वर्ग न हलवता खर्च विभागता येतो.

समारोप

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सुचवले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही सहा टक्क्यांचे उद्दिष्ट पुन्हा मांडले, यातच ते अपुरे राहिल्याची कबुली आहे. ते गाठेपर्यंत निधीची चणचण अधूनमधून येणारच. अशा वेळी कपात किती झाली याइतकेच ती कशावर झाली हे महत्त्वाचे ठरते. प्रत्यक्ष सराव, स्थिर शिक्षक आणि गरीब विद्यार्थ्याचे शुल्क या तीन बाबींना अखेरपर्यंत हात लावायचा नाही, असा क्रम संस्थेने संकट येण्यापूर्वीच ठरवलेला असावा. संकट आल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचा खर्च टिकतो.

शासनाच्या दृष्टीनेही एक कसोटी सुचवता येते. कोणतीही योजना जाहीर करताना तिच्या पहिल्या वर्षाच्या तरतुदीबरोबरच मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा खर्च कोण उचलणार, हे लिहिलेले असावे. होसकोट्याच्या परिसरातील एखादी मुलगी दोन वर्षांच्या पदविकेला प्रवेश घेते तेव्हा ती दुसरे वर्षही असेल असे गृहीत धरते. तिचा हा विश्वास अनाठायी ठरू नये, एवढी हमी देणे हेच शिक्षणाच्या नियोजनाचे किमान कर्तव्य होय.